आमच्या घरातली नटी

रविवार, ६ जुलै २०२५

मिलने दिवाळीला दिलेली ही डायरी फ्रीजवर धूळ खात पडली होती. आज लिहायला घेतली, कारण आता घरात बोलायची सोय उरली नाही. ह्या गुजराती मुलखात, पांडेसऱ्यातल्या दोन खोल्या त्या केवढ्या, आणि त्यातली एक बाईसाहेबांना दिली.

बाईसाहेब म्हणजे माझी मोठी नणंद, सुंदराताई. लोकांसाठी चंचल. अहिराणी नाटकांतली, सीडीतली, मग टीव्हीवरची चंचल. आज सकाळी दोन बॅगा घेऊन उतरली. हे स्टेशनवर रिक्षा घेऊन गेले होते. आतली खोली ह्यांनी कालच रिकामी करून ठेवली होती. वीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने झाडू धरला नाही त्याने कोपरे झाडले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी चहा देताना विचारलं, "ताई, किती दिवस मुक्काम?"

"खाडीचं काम होईतो गं," ती म्हणाली, जसं काही खाडी तिच्या सासरची आहे.

काम असं, की हे जिथे कामाला आहेत ती कापड रंगवायची मिल वाढवायची आहे. नवीन मशिनं येणार, त्यासाठी सरकारी साहेब लोकांसमोर सुनावणी घेणार. बाईसाहेब तिथे उभं राहून सांगणार की मिल रंगाचं घाण पाणी खाडीत सोडते, वाढवू देऊ नका. ज्या मिलच्या पगारावर हे घर चालतं तिच्याविरुद्ध बोलायला ती ह्याच घरात उतरली. वर विचारते, साखर कमी आहे का.

हे तिथे रंगाच्या मशिनीवर आहेत. उद्या कोणी म्हटलं गजेंद्रची बहीण आहे ती, तर ह्यांना गेटबाहेर काढायला किती वेळ लागतो? मी हे ह्यांना बोलले. हे म्हणाले, "बघू."

गुरुवार, १० जुलै

आजूबाजूच्या बायका तिला बघायला येतात आणि मी आपली चहा गाळत बसते.

सगळ्यांना तिची कथा तोंडपाठ. सासरे मागावर आणि सासूबाई ह्याच मिलमध्ये चिंध्या धुवायला. ही पोरगी आमच्या देवीच्या, कानबाईच्या जागरणात पहिल्यांदा नाचली, तिथे कोणी नाटकवाल्याने पाहिली, आणि बापाचा मार खाऊनही धुळ्याच्या पार्टीबरोबर निघून गेली. नवापूर, नंदुरबार, उधना, जिथे खानदेशी माणूस तिथे हिचं नाटक. मग सीडीचा जमाना आला. कजाग सून करायची. मग एका मराठी पिक्चरमध्ये नायकाची आत्या, मग टीव्हीवर तीन वर्षं दुष्ट जाऊ. मग अंग सुटलं आणि काम सुटलं.

काम सुटलं की माणसाला निसर्ग आठवतो. कुठल्याशा शूटिंगला नदीवर गेली होती, काठावर मेलेले मासे पाहिले आणि म्हणे ढसाढसा रडली. रडणं तर तिचा धंदा. त्या दिवसापासून मोर्चे, भाषणं, पेपरात फोटो. लग्न नाही, मूल नाही, तिला काय जातंय.

माझ्या लग्नात लोक नवरीला सोडून हिच्याबरोबर फोटो काढत होते. अल्बममध्ये मी तीनदा अर्धी कापलेली आहे. मला तिचा राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही, निदान इथे तरी.

मंगळवार, १५ जुलै

बाईसाहेब गल्लोगल्ली फिरून आल्या. एका घरात पाण्याचं सांगायला लागल्या, तर तिथली म्हातारी म्हणाली, पाणी राहू दे, ते सीडीतलं सासूला लाटणं दाखवायचं बोल. मी ऐकून पोटभर हसले. हिने म्हणे लाटणं दाखवलं, आणि मग पाण्याचं सांगितलं. लाज नाही.

दुसऱ्या गल्लीत मात्र पोरांनी हाकललं. "मिल बंद पाडायला आली का?" म्हणून एकाने तिच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. केस पुसत घरी आली आणि मला म्हणते, "साधं पाणी होतं, नशीब."

संध्याकाळी वाल्मिकभाऊ आले. हे ह्यांचे सुपरवायझर, आमच्याच गावाकडचे, मागच्या गल्लीत राहतात. दारातच उभं राहून म्हणाले, "गजूभाऊ, बहिणीला आवर. शेठ विचारत होते. मिल वाढली तर तुला सुपरवायझर करायचं माझ्या मनात आहे. नाही वाढली तर आहे त्या पाळ्याही कमी होतील."

ह्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "भाऊ, ती आमचं ऐकते का? तिला गर्दी लागते, मग ती जयजयकाराची असो की शिव्यांची."

आमची मयुरी मध्येच म्हणाली, "मम्मी, तने कंई खबर नथी." आईला काही कळत नाही, हे सांगायला पोरीला गुजराती बरी सुचते. आत्याच्या नादी लागली आहे.

रविवार, २० जुलै

दोघं बहीणभाऊ ओट्यावर बसून हळू आवाजात अहिराणीत बोलत असतात. मी गेले की गप्प. मी काय गुजरातीण आहे का अहिराणी न कळायला? आज एवढंच कानावर पडलं, ती म्हणत होती, "बस झालं गजू, आते तू ऱ्हाऊ दे." आणि हे म्हणाले, "एक डाव आखो."

अजून एकदा काय, ते विचारलं तर म्हणे चहा.

आणि तिच्या शिकवणुकीचा नवा प्रकार ऐका. हे हल्ली रातपाळीवरून आले की डब्याची पिशवी माझ्या हातात देत नाहीत. स्वतः धुतात, आतल्या मोरीत, दार लावून. मी म्हटलं, एवढं कसलं कौतुक? म्हणाले, ताई म्हणते पुरुषांनीही भांडी धुवावीत. चांगली शिकवण आहे. माझ्या घरात येऊन माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा तिच्या हुकुमात ठेवलंय.

शुक्रवार, २५ जुलै

आज पोटमाळ्यावर चढले ते लिहिते.

कानबाई तोंडावर आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि त्याआधी घर वरपासून खालपर्यंत धुवावं लागतं. हे दरवर्षी पोटमाळ्यावर चढून कानबाईची तांब्या-पितळेची भांडी काढून देतात. यंदा आज करू, उद्या करू चाललं होतं. शेवटी मीच शिडी लावली.

पितळेच्या हंड्यामागे गोणपाट, गोणपाटाखाली बाटल्या. प्यायच्या पाण्याच्या असतात त्या, पण आत लाल, निळं, एकीत काळं पाणी. झाकण उघडलं तर डोळ्यांत चुणचुणलं. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला कापडाची चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर मिलचा लॉट नंबर. मिलमध्ये कापडाच्या थानाच्या टोकाला लिहितात तस्सा, पक्क्या शाईने.

देवीच्या भांड्यांत ही घाण. बाईसाहेबांना ठेवायला दुसरी जागा मिळाली नाही. ह्यांनी बघितलं तर ह्यांचा जीव जाईल. आणि बाई गुडघ्याच्या नावाने कण्हत असते, जिना चढायचा म्हटलं तरी माझा खांदा धरते, ती शिडी कशी चढली देव जाणे. नाटकच असणार ते गुडघ्याचं.

चिंध्या मिलमधल्या, म्हणजे मिलमधलाच कोणीतरी हरामखोर तिला हे भरून देतोय.

शनिवार, २६ जुलै

वाल्मिकभाऊंच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. माझं घर वाचवायचं तर मलाच काहीतरी करावं लागणार. उद्या बाटल्या आमच्या घरात सापडल्या तर मार ह्यांनाच.

भाऊंनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, बाटल्या तिने तुमच्या घरात लपवल्या, एवढंच सुनावणीत सांगाल?"

मी म्हटलं, माइक द्या.

सोमवार, २८ जुलै

मिलच्या गेटवर झडती सुरू झाली. डबे उघडून बघतात. हे आले ते पांढरेफटक. जेवले नाहीत.

मी म्हटलं, बरं झालं, तो चोर सापडला पाहिजे.

हे म्हणाले, "सापडला तर त्याला काढतील. मग पांडेसऱ्यात एक मिल त्याला उभं करणार नाही."

"काढायलाच पाहिजे," मी म्हटलं. "त्याला बायकापोरं असतील की नाही? त्याचा विचार त्याने करायचा होता."

हे माझ्याकडे बघत राहिले. ताई आत गेली आणि बॅग भरायला लागली. म्हणाली, "सुषमा, माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको. मी कोसाडला शोभाकडे राहते." शोभा तिची नाटकातली जुनी मैत्रीण. माझी चाहूल लागली असणार, म्हणून पळ काढला. जाताना बाटल्या घेऊन गेली. हे पोचवायला गेले ते तासाभराने लाल डोळे घेऊन परत आले. मला आज बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल.

गुरुवार, ३१ जुलै

आज सुनावणी झाली. नीट लिहून ठेवते, कारण असा दिवस माझ्या आयुष्यात परत येणार नाही.

मिलने बस केली होती, नाश्ता होता. हॉल कामगारांनी भरला. हे मागच्या रांगेत. बाईसाहेब पुढे एकट्या, बाजूला फक्त ती शोभा. ती उभी राहिली की लोक ओरडायचे, "बसा खाली." कोणी शिट्टी मारली, कोणी सीडीतलं तिचंच वाक्य ओरडून चिडवलं. तिने टेबलावर बाटल्या मांडल्या आणि साहेबांना सांगितलं, पाऊस आला की मिल साफ न केलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपातून थेट खाडीत सोडते, हे ते पाणी.

मिलचे वकील हसले. म्हणाले, "बेन, ॲक्टिंग सरस करो छो." म्हणजे बाई, नाटक छान करता. हे पाणी मिलचं कशावरून? बाजारातून रंग आणून घरी कालवला असेल. सगळा हॉल हसला. बाई मान खाली घालून खुर्चीत बसली. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात वाल्मिकभाऊंनी मला खूण केली. मी माइक धरला. मग जो सूर लागला. म्हटलं, मी गजेंद्रची बायको, हिची सख्खी भावजय. ह्या बाटल्या माझ्या पोटमाळ्यावर लपवलेल्या मी स्वतः बघितल्यात. चिंध्या बघा, नंबर बघा, हे मिलच्या आतलंच आहे. आतलाच माणूस हिला चोरून देतो. त्याला शोधा.

टाळ्या पडायला हव्या होत्या. वकील माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच त्यांचं काही चोरलंय. सरकारी साहेबांनी मात्र चष्मा चढवून एकेक चिंधी बघितली, नंबर लिहून घेतले आणि मला विचारलं, "म्हणजे हे पाणी मिलच्या आतलं आहे, असं तुमचं म्हणणं?" मी म्हटलं, शंभर टक्के. वाल्मिकभाऊंनी कपाळाला हात लावला. थकले असतील.

मग वकील चिडून म्हणाले, त्या माणसाचं नाव सांगा, नाहीतर प्रत्येक कामगाराची चौकशी होईल. आणि बाई उठली.

"माणूसबिणूस कोणी नाही," ती म्हणाली. "मीच आत जात होते. चिंध्यावाल्या बायकांबरोबर." वकील म्हणाले, तुम्हाला कोणी ओळखलं नाही? तिने पदर डोक्यावरून ओढून कमरेला खोचला, पाठ वाकवली, पाठीवर ओलं गाठोडं आहे असे हात मागे नेले आणि हॉलच्या मधून चालत निघाली. पाय फाकलेले, बोटं ताठ, न मिटणारी. दर चार पावलांनी थांबून हात अंगाला चोळायची. मी ओळखलं. सासूबाई. अगदी सासूबाई चालल्या होत्या. मिल सुटल्यावर त्या अशाच यायच्या, त्यांच्या हातांना शेवटी ताटातला घासही धरता यायचा नाही. इतके लोक, पण कोणी शिट्टी मारली नाही. एक म्हातारा कामगार उठून उभा राहिला.

"अशा बाईकडे कोण बघतं, साहेब?" ती वाकलेल्या अंगानेच म्हणाली. "आणि माझ्या भावाला ह्यात आणू नका. तो मला घरात ठेवायलाही तयार नव्हता."

बघा, ज्या भावाने खोली झाडून दिली त्याच्याबद्दल असं बोलते. पण चोरी कबूल केली तिने, सगळ्यांसमोर. मी जिंकले.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. मिलमध्ये चिंध्यावाल्या पहाटे जातात. ती पहाटे आतल्या खोलीत घोरत असायची, दूध आणायला निघताना मला रोज ऐकू यायचं. असो. खोटं बोलायची सवयच तिला.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मिल वाढवायचं सध्या थांबवलं म्हणे. साहेब पाइप उकरून बघणार आहेत. नळावर कोणी माझ्याशी बोललं नाही. मला कळेना, मी तर मिलच्या बाजूने बोलले. ह्यांनी घास घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. मी म्हटलं, बहीण चोर निघाली म्हणून वाईट वाटतं का? तर उशी तोंडावर घेतली.

रविवार, ३ ऑगस्ट

कानबाई बसली. नारळाला डोळे लावले, नथ घातली, प्रसादाचे रोट भाजले. रोट आपल्याच कुळातल्यांनी खायचा, बाहेर द्यायचा नाही. मी ताट वाढलं, तर हे म्हणाले, "ताई आल्याशिवाय रोट मोडायचा नाही."

मी म्हटलं, चोराला रोट?

हे कानबाईसमोर बसले होते. तिथून न हलता म्हणाले, "चोर मी आहे."

मग सगळं सांगितलं. बाटल्या ह्यांनी भरल्या, डब्याच्या पिशवीतून ह्यांनीच आणल्या, चिंध्या ह्यांनी बांधल्या. पोटमाळ्यावर ह्यांनीच ठेवल्या, कारण कानबाईची भांडी दुसरं कोणी काढत नाही. ती आपल्या मनाने आलीच नव्हती. ह्यांनी बोलावलं. "आई त्या पाण्यात उभी राहून मेली," हे म्हणाले. "आता माझ्याही बोटांना तसंच व्हायला लागलंय. माझं कोण ऐकणार? ताईचं ऐकतील, वाटलं."

मी ह्यांची बोटं बघितली. रोज बघते, रोज खोबरेल देते. म्हटलं होतं, साबण बदला.

मला काय झालं सांगता येत नाही. राग आला. ह्यांचा, तिचा, त्या मयुरीचा, जिला सगळं माहीत होतं. आणि माझा इतका, की ताट तसंच टाकून मोरीत जाऊन बसले.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सकाळी वाल्मिकभाऊ कागद घेऊन आले. गुजरातीत टाइप केलेला. मयुरीने वाचून दाखवला. सुंदराने घरीच पाणी रंगवलं, चिंध्या बाहेरून मिळवल्या, मी डोळ्यांनी पाहिलं, सुनावणीत घाबरून चुकीचं बोलले. खाली माझी सही. सही केली की ह्यांना सुपरवायझरची जागा. नाही केली तर गेटवरून पुन्हा विचारपूस, आणि ह्यावेळी घरापासून सुरुवात.

भाऊ म्हणाले, संध्याकाळी न्यायला येतो.

दुपारी तिचा फोन आला. ह्यांनीच कळवलं असणार. "सुषमा," ती म्हणाली, "सही करी दे. माझं नाव तसंही खराब झालंय. लोक म्हणतील नटी होती, नाटक केलं. गजूची नोकरी राहू दे. त्याच्यासमोर मयुरीचं कॉलेज आहे."

"आणि खाडी?" मी विचारलं. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"राहू दे खाडी," ती म्हणाली. आवाज फुटला होता. मी तिला टीव्हीवर तीन वर्षं रडताना पाहिलंय. हे तसं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि माझा नुसता जळफळाट झाला. म्हणजे जन्मभर हिने माझं घर वाचवलं म्हणायचं. दर कानबाईला हिचं नाव काढून नवरा डोळे पुसणार, पोरगी मला तोंड वर करून बघणार नाही, आणि मी सुपरवायझरीण म्हणून मिरवणार. ती हॉलमध्ये वाकून चालली आणि मोठी झाली. आता घरी बसून आणखी मोठी होणार, आणि मला सहीपुरती ठेवणार. नाही जमायचं. माझ्या लग्नाचे फोटो घेतलेस, तेवढं पुरे.

संध्याकाळी भाऊ आले. हे दाराच्या चौकटीला धरून उभे. मला वाटलं ते बोलतील. त्यांना बोलवेना. मग मी कागद भाऊंच्या हातात दिला, बिनसहीचा.

"बाटल्या माझ्या नवऱ्याने भरल्या," मी म्हटलं. "मिलच्या आतून, मिलच्या पाइपातून. लिहून घ्या. साहेबांनाही मीच सांगते."

भाऊ ह्यांच्याकडे बघायला लागले. मग मला म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? उद्या सकाळी ह्याला गेटवर उभं करणार नाहीत."

"आज कळतंय," मी म्हटलं. "गुरुवारी कळत नव्हतं, तरी तुम्ही माइक दिलात."

भाऊ गेले. जाताना चपलेचा पट्टाही लावला नाही. हे खाली बसले, आणि आईच्या नावाने लहान पोरासारखे रडले. मला रडू आलं नाही. उद्या सकाळी डबा भरायचा नाही, हे लक्षात आल्यावर ह्यांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

मग तिला फोन लावला. सांगितलं काय केलं ते. पलीकडून हुंदके. म्हटलं, "ताई, फोनवर रडू नका, बिल मी भरते. रडायचं असेल तर रिक्षा करा आणि इथे येऊन रडा. परवा साहेबांकडे जायचं आहे, तुम्ही बोला, मी काय सांगायचं ते मला कोणी शिकवायची गरज नाही. आणि हे लक्षात ठेवा, माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

रिक्षा आली वाटतं. आतली खोली झाडायची राहिली आहे.